साधी गाठ, पण कोणती?

समजा, दुधनीच्या मार्केट यार्डात अडतीचं दुकान चालवणारे साठीचे एक गृहस्थ आहेत. तुरीचा हंगाम लागला की दिवसच्या दिवस गादीवर बैठक, पाणी प्यायची आठवण नाही, जेवण मिळेल तेव्हा. अशातच एक दिवस शौचाला रक्त पडतं. गावात याचं निदान तयार असतं: मूळव्याध. मग मलम होतं, चूर्ण होतं, कुणा पाहुण्याने सांगितलेला झाडपाला होतो, आणि दोन-तीन महिन्यांनी मुलगा हट्टाने मोठ्या दवाखान्यात घेऊन जातो. दुधनीतून जाणारी रेल्वे एकच, पण जायच्या दिशा दोन. एकीकडे अक्कलकोट रोडवरून सोलापूर, दुसरीकडे गाणगापूर रोडवरून गुलबर्गा, म्हणजे आताचं कलबुर्गी. दोन्ही शहरांत १९६३ साली मेडिकल कॉलेज निघालं, सोलापुरात वैशंपायन मेमोरियल आणि गुलबर्ग्यात महादेवप्पा रामपुरे यांच्या नावाचं. सीमेवरच्या या गावातली मोठी दुखणी जिकडे पाहुणे असतील तिकडे जातात.

तिथे दुर्बिणीतून मोठं आतडं तपासतात. रक्ताचं कारण मूळव्याधच निघतं, गावाचं निदान बरोबर ठरतं. पण जाता जाता, गुदाशयाच्या जरा वर, आतड्याच्या अस्तरावर तीन मिलिमीटरचा एक उंचवटा दिसतो. डॉक्टर तो चिमट्याने काढतात आणि मुलाला सांगतात, ‘तुकडा तपासायला पाठवलाय.’ हे वाक्य फोनवरून दुधनीत पोचेपर्यंत त्याचा कॅन्सर झालेला असतो. पाच-सहा दिवसांनी रिपोर्ट येतो: मज्जातंतूंच्या पेशींची साधी गाठ. घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात खरे, पण लगेच कुणीतरी विचारतंच, ‘अहो, नसांच्या पेशी तर मेंदूत आणि मणक्यात असतात. त्या आतड्यात कुठून आल्या?’

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि त्याचं उत्तर कळल्याशिवाय या गाठींचं पुढचं काहीच कळत नाही.

आतड्याला स्वतःची मज्जासंस्था आहे. तिच्यात दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत, आणि मेंदूशी जोडणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडं आकुंचन-प्रसरण करत अन्न पुढे ढकलत राहतं. १८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीने कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग करून हे दाखवलं: आत काही अडकलं की त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो. या पेशींची दोन जाळी असतात. एक आतड्याच्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये, दुसरं त्याहून आत, अस्तराखाली. पहिल्याला आउअरबाख यांचं नाव आहे, दुसऱ्याला माइसनर यांचं. दोघेही एकोणिसाव्या शतकातले जर्मन. तिथून निघणारे बारीक तंतू अगदी अस्तराच्या टोकापर्यंत जातात. म्हणजे आतड्याच्या भिंतीचा नखाएवढा तुकडा घेतला तरी त्यात नसा असतातच. नवल वाटायचं तर इतक्या नसा असून त्यांच्या गाठी इतक्या क्वचित का होतात याचं वाटावं.

या पेशी मुळात आतड्याच्या नाहीतच. गर्भ चार आठवड्यांचा असताना, पाठीतला मज्जारज्जू जिथे व्हायचा त्याच्या काठावरून काही पेशी सुटतात आणि चालू लागतात. त्यांना न्यूरल क्रेस्टच्या पेशी म्हणतात. मानेच्या बाजूच्या क्रेस्टमधून निघालेल्या पेशी अन्ननलिकेच्या सुरुवातीला आतड्यात शिरतात आणि सुमारे तीन आठवडे चालत, वाढत, पुढे सरकत गुदाशयाच्या टोकापर्यंत पोचतात. काहींच्या चेतापेशी होतात, काहींच्या त्यांना सांभाळणाऱ्या पेशी. याच क्रेस्टच्या इतर पेशींपासून त्वचेतल्या रंगपेशी होतात, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा गाभा होतो, थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या पेशीही होतात असं फार काळ मानलं गेलं; आता त्यांच्या उगमाबद्दल वाद आहे. हे सगळं इथे अशासाठी सांगितलं की आतड्यातली गाठ आणि कातडीवरचा डाग, किंवा आतड्यातली गाठ आणि गळ्यातली ग्रंथी यांचं नातं पुढे येणार आहे.

आता तो तीन मिलिमीटरचा तुकडा. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतो. तालुक्याच्या ठिकाणी कितीतरी वेळा ही बाटली नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात, आणि तिथे घोटाळा होऊ शकतो. कुणी फॉर्मॅलिन संपलं म्हणून सलाइनमध्ये तुकडा टाकून देतं, कुणी बाटली फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या आठवड्यात नेतं. सलाइनमध्ये तुकडा कुजतो. त्यावर मग जगातला कितीही मोठा पॅथॉलॉजिस्ट बसवला तरी उपयोग नाही. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन हवं, आणि बाटलीवर नाव हवं, फक्त झाकणावर नको, कारण झाकणं बदलतात. लॅबमध्ये रात्रभर अल्कोहोल, मग झायलीन, मग साठ अंशांच्या आसपास वितळलेलं मेण. सकाळी मेणाचा चौकोनी ब्लॉक तयार होतो. त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट इतके पातळ काप काढतात, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतात आणि रंगवतात. केंद्रकं जांभळी होतात, बाकीचा भाग गुलाबी.

सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या आतड्याचं अस्तर मुळात फार नीटनेटकं दिसतं. शेजारी शेजारी उभ्या नळ्यांच्या रांगा, प्रत्येक नळीत श्लेष्माने फुगलेल्या पेशी, आणि नळ्यांच्या मधल्या फटीत थोड्याफार संरक्षक पेशी. आपल्या तुकड्यात नळ्या आहेत, पण एकमेकींपासून लांब सरकल्या आहेत. मधली जागा फिकट गुलाबी पदार्थाने भरली आहे. एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. फक्त त्या गुलाबी पसाऱ्यात बारीक, टोकदार, पाण्यात सोडलेल्या शेवयांसारखी वळणं घेतलेली केंद्रकं दिसतात. विभागणारी पेशी एकही नाही. कुठे मृत भाग नाही. नळ्यांच्या पेशी स्वतः बिलकुल बिघडलेल्या नाहीत. मोठ्या चेतापेशी शोधल्या तर त्याही सापडत नाहीत. ही शेजारच्या तंतूंना गुंडाळून राहणाऱ्या श्वान पेशींची गर्दी आहे, दुसरं काही नाही.

या पेशींना नाव मिळालं ते थिओडोर श्वान यांच्यावरून. प्राण्यांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं हे १८३९ साली ठामपणे मांडणारे तेच, आणि त्याआधी १८३६ साली जठरातलं पेप्सिन शोधून काढणारेही तेच.

पण गुलाबी रंगाच्या आणि वळणदार केंद्रकांच्या पेशी काही फक्त श्वान पेशीच नसतात. स्नायूच्या पेशी तशा दिसू शकतात, तंतुपेशी तशा दिसू शकतात. म्हणून पॅथॉलॉजिस्ट त्याच ब्लॉकचे आणखी काप काढून त्यावर प्रतिद्रव्यं टाकतात, ज्याला लॅबमध्ये सगळे आयएचसी म्हणतात. ज्या पेशीत शोधलेलं प्रथिन असेल ती तपकिरी होते. श्वान पेशींसाठीचं प्रथिन म्हणजे एस-१००. १९६५ साली गायीच्या मेंदूतून ते वेगळं करणाऱ्यांना दिसलं की अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळतं, आणि त्यावरून हे नाव पडलं. आपल्या तुकड्यात सगळा गुलाबी पसारा एकसारखा तपकिरी होतो.

महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजिस्टांना स्लाइडमधली नस ओळखायची सवय एका वेगळ्याच आजाराने लावली आहे. कुष्ठरोगाचे जंतू श्वान पेशींतच घर करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची प्रयोगशाळा १९४१ पासून उभी करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर कॅन्सरवरच्या कामासाठी प्रसिद्ध आहेत, पण १९५०च्या सुमारास त्यांनी कातडीतल्या बारीक नसांचे कापच्या काप पाहून कुष्ठरोगाचे जंतू नसांमधून कसे पसरतात हे मांडलं. आजही कुष्ठरोगाच्या शंकेने कातडीचा तुकडा घेतला आणि नस दिसेनाशी झाली असेल, तर तिचे अवशेष शोधायला एस-१०० वापरतात. सोलापूर-उस्मानाबाद पट्ट्यात काम केलेल्या माणसाला अशा स्लाइड नव्या नसतात. त्यामुळे आतड्याच्या तुकड्यात नको तिथे नस दिसली की त्याची नजर तिथे अडकते. मला हा आपल्या पॅथॉलॉजीचा एक न बोललेला फायदा वाटतो.

आपल्या अडत्यांच्या गाठीला २००९ पर्यंत स्वतंत्र जागाच नव्हती. कुणी तिला न्यूरोमा म्हणायचं, कुणी न्यूरोफायब्रोमा. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या गिब्सन आणि हॉर्निक यांनी अशा २६ गाठी एकत्र करून तपासल्या. बहुतेक गाठी एक ते सहा मिलिमीटरच्या, गुदाशयाच्या आसपासच्या, पन्नाशी-साठीतल्या लोकांच्या, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडलेल्या. या माणसांपैकी कुणालाही नसांच्या गाठींचा आनुवंशिक आजार नव्हता. त्यांनी या गाठीला अस्तरातला श्वान पेशींचा हॅमार्टोमा म्हटलं. हा शोध म्हटलं तर किरकोळ आहे. त्याने एकही जीव वाचला नाही. पण त्याआधी ज्यांच्या रिपोर्टवर न्यूरोफायब्रोमा लिहून आलं असेल त्यांना अंगभर डाग शोधत, मुलाबाळांची काळजी करत बसावं लागलं असेल, तेही तीन मिलिमीटरच्या निरुपद्रवी दाण्यापायी. आता असा रिपोर्ट आला तर एवढंच सांगायचं: गाठ निघाली, विषय संपला, या गाठीसाठी पुन्हा दुर्बीण नको. मूळव्याधीचं जे करायचं ते करा.

न्यूरोफायब्रोमा हा वेगळा प्रकार. त्यात श्वान पेशी असतात, पण त्यांच्यात तंतुपेशी, नसांचं आवरण करणाऱ्या पेशी, मास्ट पेशी, मधूनच पाणचट भाग अशी सरमिसळ असते. एस-१०० लावला तर काही पेशी रंगतात, काही कोऱ्या राहतात. तो आतड्यात एकटा सापडणं फारच दुर्मीळ. सापडला तर रेकलिंगहाउसेन यांनी १८८२ साली वर्णन केलेला आजार डोळ्यांपुढे आणायचा: कातडीवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे चट्टे, काखेत ठिपके, कातडीखाली मऊ गोळे. सुमारे तीन हजारांत एकाला हा आजार असतो, म्हणजे तो तितका दुर्मीळ नाही. एखाद्या तालुक्यात अशी काही घरं असणारच. अंगावर गोळे असलेला माणूस आपण सगळ्यांनीच बसमध्ये किंवा बाजारात कधी ना कधी पाहिलेला असतो आणि नजर वळवलेली असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्लाइडवर श्वान पेशींच्या त्याच गुलाबी पसाऱ्यात मोठ्या, भरपूर गुलाबी अंगाच्या, गोल केंद्रकाच्या पेशी दिसल्या, आणि केंद्रकात एक ठळक ठिपका असला, तर त्या चेतापेशी. मग गाठीचं नाव गँग्लिओन्यूरोमा. आणि इथे ‘साधी गाठ’ एवढं सांगून अजिबात भागत नाही. कारण गँग्लिओन्यूरोमा आतड्यात तीन प्रकारे होतो, आणि त्या तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

एकटाच, सेंटिमीटरभराचा किंवा लहान गँग्लिओन्यूरोमा असेल तर तो आपल्या अडत्यांच्या गाठीसारखाच. काढला की झालं. शेकिट्का आणि सोबिन या पॅथॉलॉजिस्टांनी १९९४ साली असे रुग्ण गोळा करून तपासले तेव्हा एकट्या गाठीच्या माणसांमागे सहसा दुसरा आजार निघाला नाही.

वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त गाठी आतड्यात पसरलेल्या असतील तर पीटेन नावाच्या जनुकातल्या बिघाडाचा विचार करावा लागतो. त्या घराण्यातल्या बायकांना स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा, आणि पुरुष-बायका दोघांनाही थायरॉइडच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. गाठी आतड्यात, आणि तपासायचा ऊर, गळा, गर्भाशय. त्यासाठी दुर्बीण टाकणाऱ्या डॉक्टरांनी ‘एक पॉलिप काढला’ असं न लिहिता ‘असे बरेच आहेत, त्यातला एक काढला’ असं लिहिणं गरजेचं आहे. पॅथॉलॉजिस्टकडे आलेल्या बाटलीत एकच तुकडा असतो. बाकीच्यांची त्याला काय कल्पना!

तिसरा प्रकार सगळ्यात दुर्मीळ आणि सगळ्यात महत्त्वाचा. यात गाठ अशी नसतेच. आतड्याच्या भिंतीत, विशेषतः स्नायूंमधल्या जाळ्यात, नसा आणि चेतापेशी लांबच लांब जाडावलेल्या असतात. रोगी बहुधा लहान मूल असतं. जन्मल्यापासून बद्धकोष्ठ, पोट फुगलेलं, वजन वाढत नाही. एनिमा देऊन देऊन आई थकलेली असते.

अशा बाळाला डॉक्टर पाहतात तेव्हा आधी मनात येतो तो हर्शस्प्रुंगचा आजार. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली त्याचं वर्णन केलं. त्यात गर्भातल्या त्या चालणाऱ्या पेशी शेवटपर्यंत पोचतच नाहीत. गुदाशयाच्या बाजूचा तुकडा चेतापेशींविना राहतो, सैल पडत नाही, आणि वरचं आतडं मळाने फुगत जातं. निदानासाठी गुदाशयाचा बारीक तुकडा घेतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्यात चेतापेशी शोधतो. सापडल्या नाहीत तर हर्शस्प्रुंग. सापडल्या तर बहुतेक रिपोर्ट तिथेच संपतात: चेतापेशी आहेत, हर्शस्प्रुंग नाही.

पण चेतापेशी गरजेपेक्षा जास्त असतील तर? नसा जाडजूड, दोऱ्यांचे गुंडाळे व्हावेत अशा असतील तर? तिथे थांबून मुलाकडे नीट बघावं लागतं. ओठ जाड आणि गाठाळ आहेत का. जिभेच्या टोकावर दाणे आहेत का. थोडं मोठं मूल असेल तर अंगकाठी लांबलचक, किडकिडीत आहे का. आणि आईला एक प्रश्न विचारायचा, जो ऐकून ती चमकेल: बाळ रडताना डोळ्यांतून पाणी येतं का? या आजाराच्या कित्येक बाळांना रडताना अश्रू येत नाहीत. आजाराचं नाव एमईएन-२बी. त्यातल्या जवळपास प्रत्येकाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर होतो, तोही बालपणीच, आणि तो फार लवकर पसरतो. जगभरातला आजचा सल्ला असा की निदान झालं तर पहिल्या वाढदिवसाच्या आत थायरॉइड काढून टाकावी. बहुतेक मुलांचं निदान त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मानेत गाठ आल्यावर होतं. म्हणजे गुदाशयाच्या तांदळाएवढ्या तुकड्यात नसा जास्त आहेत हे कुणाला खटकलं, तर तो रिपोर्ट त्या मुलाच्या गळ्याचा आजार कितीतरी वर्षं आधी सांगत असतो.

या दोन आजारांचं मूळ एकाच जनुकात निघालं. त्याचं नाव रेट. आतड्यात चालत जाणाऱ्या पेशींना ‘पुढे चला, वाढा’ हा निरोप या जनुकाच्या प्रथिनामार्फत मिळतो. १९९४ च्या जानेवारीत ‘नेचर’ मासिकात दोन्ही बातम्या जवळजवळ एकदमच छापून आल्या: रेट निकामी झालं तर पेशी वाटेत अडतात आणि हर्शस्प्रुंग होतो, रेटमधलं ९१८ क्रमांकाचं एक अमिनो आम्ल बदललं तर निरोप थांबतच नाही, नसा बेसुमार वाढतात आणि एमईएन-२बी होतो. दोन्हीकडे आईची तक्रार तीच असते, बाळाला शी होत नाही. मला या विषयातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते, आणि ती डॉक्टरांनाही फार उशिरा शिकवली जाते.

बाकीच्या दोन-तीन प्रकारांचा हिशोब लवकर उरकता येईल. पेरिन्यूरिओमा हा नसेच्या बाहेरच्या आवरणाच्या पेशींचा बनलेला बारीक पॉलिप. त्यात एस-१०० रंगत नाही, ईएमए आणि क्लॉडिन-१ ही प्रथिनं रंगतात. तोही काढला की संपला. दाणेदार पेशींची गाठ पिवळट, कठीण, बहुतेक वेळा मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला दिसते. मॉस्कोच्या अब्रिकोसोव यांनी १९२६ साली तिचं वर्णन करताना ती स्नायूची मानली होती. एस-१०० आल्यावर ती श्वान पेशींची ठरली. हेच ते अब्रिकोसोव, ज्यांनी दोन वर्षं आधी लेनिनचं शवविच्छेदन केलं होतं.

श्वानोमा मात्र जरा थांबून पाहावा असा आहे, कारण इथे चूक झाली तर महागात पडते. अस्तरातल्या दाण्यासारखा तो बारीक नसतो. तो भिंतीच्या स्नायूंच्या थरात वाढतो, कित्येक सेंटिमीटरचा होतो, कधी वरचं अस्तर फाटून रक्त जातं, कधी आतडं अडतं. जठरात तो जास्त होतो. मोठ्या आतड्यात झाला तर बहुधा अगदी सुरुवातीच्या भागात, अपेंडिक्स जिथे लागतं तिथे. सीटी स्कॅनवर तो कॅन्सरच वाटतो. पेट स्कॅनवर तर श्वानोमा चांगला उजळतो, आणि पेटवर उजळलं म्हणजे कॅन्सर असा समज आता पेशंटांमध्येही रुजला आहे. दुर्बिणीतून तुकडा घ्यावा तर चिमट्यात वरचं चांगलं अस्तरच येतं, खालची गाठ येत नाही. म्हणून बहुतेक वेळा ऑपरेशन करून आतड्याचा भाग काढल्यावरच तो कळतो.

कापून पाहिलं तर श्वानोमा पिवळट-पांढरा, रबरी, चकचकीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडेने लिंफोसाइट पेशींचं एक कडं असतं. आतड्यातल्या श्वानोमाची ही खूण अनुभवी डोळ्याला लांबूनच दिसते. अंगात इतरत्र होणाऱ्या श्वानोमात केंद्रकांच्या समांतर रांगा लागतात. १९१० साली प्रागमध्ये काम करणाऱ्या, उरुग्वेत जन्मलेल्या व्हेरोकाय यांचं नाव त्या रांगांना आहे. आतड्यातल्या श्वानोमात त्या सहसा नीट दिसत नाहीत, आणि पुस्तकातलं चित्र पाठ केलेला विद्यार्थी इथे फसतो. १९९८ पर्यंत तर सगळेच फसत होते. त्या वर्षी ओसाकाच्या हिरोता यांच्या गटाने दाखवलं की आतड्याच्या स्नायूथरातल्या पुष्कळ गाठी ना स्नायूच्या असतात ना नसांच्या; त्या किट नावाच्या जनुकातल्या बदलामुळे होतात. त्या गाठींना जिस्ट म्हणतात, आणि त्या पसरू शकतात. त्यांना इमॅटिनिबच्या गोळ्या वर्षानुवर्षं लागू शकतात. श्वानोमाला गोळी लागत नाही. म्हणून जिथे जिथे अशी गाठ निघते तिथे किट आणि डॉग-१ ही जिस्टची प्रथिनं कोरी आणि एस-१०० तपकिरी, हे दाखवल्याशिवाय श्वानोमा हे नाव देऊ नये. आणि पेशंटनेही ते रिपोर्टवर शोधावं, कारण दोन्ही चुकांची किंमत त्यालाच भरायची असते.

या गाठी आपल्या भागात किती होतात, असं विचारलं तर एक गंमत सांगावी लागते. सोलापूर जिल्ह्यातल्याच बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरून कॅन्सर मोजण्याचं काम तिथे टाटा मेमोरियलच्या मदतीने दशकानुदशकं चाललं, आणि ग्रामीण भागात मोठ्या आतड्याचा कॅन्सर शहरांच्या मानाने फार कमी आहे हे त्यातून कळलं. पण अशा नोंदवहीत फक्त कॅन्सर लिहितात. आतड्यातल्या साध्या गाठींची नोंद कुठलीच वही ठेवत नाही. त्या फक्त लॅबच्या कपाटात, ब्लॉकच्या रांगांमध्ये असतात.

रिपोर्टच्या शेवटी पॅथॉलॉजिस्ट कधी कधी दोन ओळी लिहितात: अंगावर डाग आहेत का पाहावे, आतड्यात आणखी गाठी आहेत का, घरात थायरॉइडचा किंवा इतर कॅन्सर आहे का विचारावे. या ओळी बहुतेक वेळा कुणी वाचत नाही. सोलापूरच्या लॅबला या प्रश्नांचं उत्तर देता येत नाही, कारण तिच्याकडे फक्त बाटली आली होती. उत्तर देऊ शकतात ते गावातले जुने डॉक्टर, ज्यांनी त्या घरातल्या तीन पिढ्यांची नाडी पाहिली आहे, ज्यांना माहीत असतं की थोरल्या काकांच्या पाठीवर गोळे होते आणि आत्या गळ्याच्या गाठीने गेली. हा कागद त्यांना दाखवावा.

सीमाभागात आणखी एक प्रश्न हमखास येतो. आमच्याकडे मामाच्या मुलीशी, कुठे कुठे खुद्द मामाशीही लग्नं होतात. त्याने हे झालं का? या गाठींच्या मागे जे आनुवंशिक आजार आहेत त्यांत तसं होत नाही. रेकलिंगहाउसेनचा आजार, पीटेनचा बिघाड, एमईएन-२बी, तिन्हींत आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून आलेलं एकच बिघडलेलं जनुक पुरतं. नात्यात लग्न केलं म्हणून धोका वाढत नाही, बाहेर केलं म्हणून टळत नाही. प्रत्येक मुलाला ते जनुक मिळण्याची शक्यता निम्मी. आणि पुष्कळदा आईबाप दोघांतही काही नसतं. बिघाड त्या मुलातच नव्याने झालेला असतो. रेकलिंगहाउसेनच्या आजारात जवळजवळ निम्म्या रुग्णांचं असं असतं, एमईएन-२बी मध्ये त्याहूनही जास्त. तेव्हा कुणाच्या माहेराकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आयएचसी प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं. सोलापूरचे उपचार अर्ध्यावर सोडून माणसं गुलबर्ग्याला किंवा हैदराबादला जातात, आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून दुर्बीण, पुन्हा तुकडा. तसं करायची गरज नाही. मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यातून नवे काप निघतात. तुकडा पेशंटचा असतो, लॅबमध्ये अर्ज दिला की ब्लॉक आणि स्लाइड सही घेऊन देतात. काम झालं की परत नेऊन द्यायच्या. नेताना स्लाइड कापसात गुंडाळून डबीत ठेवाव्यात, आणि एप्रिल-मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. मेण मऊ पडतं.